मुद्दा बरोबर असतो, पण साहेबांना पटवता येत नाही

"मॅडम, मी सांगतो ते खरं असतं. पण साहेबांसमोर गेलो की गाडी भलतीकडेच जाते." मी बोलण्याचा सराव करून घेते, आणि नोकरदारांकडून ही तक्रार नेहमी ऐकते. यावेळी समोर बसले होते चाकणच्या एका कारखान्यातले मेंटेनन्स सुपरवायझर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शिक्षण मराठी माध्यमातून, मग डिप्लोमा. मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. प्रेस या मशीनचा पंप बदलायला हवा, हे त्यांना साहेबांना पटवायचं होतं. कंपनीने त्यांना कम्युनिकेशन ट्रेनिंगला पाठवलं आणि तिथून ते जास्तच खचून आले. ट्रेनरने पडद्यावर आकडे दाखवले होते : शब्दांचा परिणाम 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55. "म्हणजे मी काय बोलतो याला किंमत सातच टक्के. बाकीची पर्सनॅलिटी मी आणू कुठून?"

हे आकडे कितीतरी ट्रेनिंगमध्ये असेच फेकले जातात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. अमेरिकेतल्या अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या प्रयोगांतून ते आले. त्यातल्या एका प्रयोगात 'मेबी' हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी, एवढंच ओळखायला सांगितलं. पंप का बदलायचा, हे पटवून देण्याशी त्याचा संबंध नाही. हा निष्कर्ष सरसकट सगळ्या बोलण्याला लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं आहे. हे ऐकल्यावर ते जरा सैलावले.

मग मी म्हटलं, "मी तुमची प्लँट मॅनेजर. सांगा." त्यांनी सुरुवात केली ती प्रेस बसवला त्या वर्षापासून. कोणतं सील कधी गेलं, कोणत्या व्हेंडरने काय माल दिला, नाइट शिफ्टला कोण होतं. बराच वेळ झाला तरी त्यांना माझ्याकडून काय हवंय ते कळेना. मी मुद्दाम मध्येच विचारलं, "डिस्पॅचचं काय?" ते गडबडले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

त्यांचा आवाज ठीक होता, भाषाही चांगली होती. अडचण क्रमात होती. बिघाड शोधताना कारणाकडून निष्कर्षाकडे जावं लागतं. निर्णय घेणाऱ्याला मात्र निष्कर्ष आधी लागतो. आम्ही त्यांचंच वाक्य घासून घेतलं : "साहेब, येत्या रविवारी दोन नंबरचा प्रेस चार तास बंद ठेवायची परवानगी हवी. पंप बदलायचाय. आत्ता बदलला नाही तर तो चालू शिफ्टमध्ये बंद पडायची भीती आहे. गेल्या महिन्यात असाच बंद पडला तेव्हा किती माल अडकला, त्याचा हिशोब हा." एवढं बोलून थांबायचं. ते थांबणंच त्यांना सगळ्यात जड गेलं. समोरचा गप्प बसला की ते लगेच सारवासारव करायचे, आपणच "नाहीतर पुढच्या महिन्यात बघू" म्हणून मोकळे व्हायचे.

दुसरा सराव साहेबांनी मध्येच तोडलं तर काय, याचा. उत्तर एका वाक्यात द्यायचं आणि मूळ प्रश्नावर परत यायचं : "मग रविवारचं काय ठरवायचं?" आणि नकार आला तर वाद न घालता विचारायचं, "यात तुम्हाला अडचण नेमकी कुठे दिसते?" हे सगळं मी मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. वहीत लिहिलेलं ऐनवेळी तोंडात येत नाही.

प्रत्यक्षात साहेब म्हणाले, "पंपाला ना नाही, पण रविवारी माल लोड व्हायचाय." ही अडचण यांना आजवर माहीतच नव्हती, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. शनिवारी रात्रीची वेळ ठरली, पंप बदलला. तीन नंबरच्या प्रेसचं काम मात्र बजेट नाही म्हणून अडलं आहे. त्यासाठी आता ते बंद पडलेल्या वेळेची नोंद रोज ठेवतात. हात अजून थरथरतात, असं परवाच म्हणाले. मी म्हटलं, थरथरू द्या, कागद टेबलावर ठेवून बोला.