फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या दिनां गावात गाइडशिवाय, आईला घेऊन, एका दिवसात काय पाहून होईल?

आरामात होईल. तुम्ही लिहिलंय की सकाळी सँ-मालोहून निघून संध्याकाळी परत यायचंय, आईंचं वय चौसष्ट आहे आणि गुडघे कुरकुरतात. तेव्हा आधी एकच सांगतो: झेर्झुआल, म्हणजे नदीकाठच्या बंदरावरून वरच्या गावात जाणारा उभा चढाचा रस्ता, चढून या, उतरू नका.

बहुतेक लोक उलट करतात. स्टेशन वर आहे, गावही वर आहे. दिवसभर वर भटकायचं आणि मग जेवायला नदीकाठी उतरायचं. मी दोन वर्षं ब्रिटनीतल्याच रेन शहरात नोकरीला होतो तेव्हा पहिल्या फेरीत हेच केलं. झेर्झुआलची फरसबंदी पावसाने ओली होती, अर्ध्या उतारावर पाय सटकला आणि मी सगळ्यांसमोर बसकण मारली. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो. म्हणून स्टेशनवरून टॅक्सी करा आणि थेट रांस नदीवरच्या बंदरावर उतरा.

दुसरं कारण असं की गाव त्याच दिशेने कळतं. माल बोटीने यायचा आणि याच चढावरून वर जायचा. खाली प्ती-फोर रस्ता, पुढे तोच झेर्झुआल होतो. दोन्ही बाजूंना विणकर, चांभार असल्या कारागिरांची जुनी लाकडी चौकटीची घरं आहेत, आज त्यांत काचकाम करणारे, चित्रकार वगैरे बसतात. दर दहा पावलांवर एखाद्या दुकानात डोकावलं की आईंना आपोआप विश्रांती मिळते. मान वर केली की दरीवरचा दगडी पूल दिसतो. तो 1852 सालचा, सुमारे 40 मीटर उंच. तो होण्याआधी पलीकडच्या काठावरून येणाऱ्याला दरीत उतरून पुन्हा चढावंच लागायचं. पूल झाला आणि झेर्झुआलची वर्दळ ओसरली. माझ्या मते म्हणूनच तिथली जुनी घरं वाचली.

झेर्झुआलचा दरवाजा ओलांडला की तुम्ही तटबंदीच्या आत. तट सगळा मिळून पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. आईंना तटावर चढवण्याचा आग्रह धरू नका, खालूनही तो तितकाच भारदस्त वाटतो. वरच्या गल्ल्यांची नावं मात्र वाचत चला: कॉर्दोनरी म्हणजे चांभारआळी, प्वासोनरी म्हणजे मासळीबाजार, मेर्सिए चौक म्हणजे सुया-दोरे-फिती विकणाऱ्यांचा. आपल्याकडची तांबट आळी, बोहरी आळी आठवते. मेर्सिए चौकात आणि आपोर रस्त्यावर घरांचा वरचा मजला जाड लाकडी खांबांवर रस्त्याच्या बाजूला पुढे आलेला दिसेल. त्याच्याखाली व्यापारी फळ्या मांडून बसायचे, पाऊस आला तरी धंदा चालू. ब्रिटनीत पाऊस येतोच, छत्री विसरू नका.

घड्याळाचा मनोरा पंधराव्या शतकातला. त्यातली मोठी घंटा ब्रिटनीची डचेस आन हिने 1507 मध्ये दिली, तिचं नावही आनच. पायऱ्या खूप आहेत. तुम्ही एकटे वर जाऊन या, तोवर आई खाली कॉफी घेतील.

जेवायला गालेत घ्या. कुट्टूच्या पिठाचं खारं धिरडं म्हणा ना. शाकाहारी असाल तर ‘कॉंप्लेत’ मागू नका, त्यात हॅम असतं. चीज-अंड्याचं किंवा चीज-मश्रूमचं मिळतं.

दुपारी सँ-सोव्हर बसिलिका, म्हणजे इथलं मोठं चर्च. आत पाऊल टाकलं की उजवीकडची भिंत आणि डावीकडची बाजू जुळत नाहीत, ते चुकवू नका. उजवी भिंत बाराव्या शतकातली, जाड, गोल कमानींची. डावी बाजू शेकडो वर्षांनी गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या पद्धतीने बांधली. पैसा आला तसं देऊळ वाढत गेलं, दुसरं काय.

तिथेच बर्ट्रां द्यु गेक्लँचं हृदय आहे. हा फ्रान्सचा सरसेनापती 1380 मध्ये दक्षिणेत मोहिमेवर असताना वारला. त्याला दिनांत पुरून घ्यायचं होतं, पण उन्हाळ्यात एवढ्या लांबवर देह टिकेना. मग आतडी ल प्युईला, मांस माँफेराँला, अस्थी राजाच्या हुकमाने पॅरिसजवळच्या सँ-दनीला आणि हृदय तेवढं इथे. हे आईंना जेवणाआधी सांगू नका. त्याने दिनांच्या वेढ्यात एका इंग्रज सरदाराशी द्वंद्व केलं ती जागा म्हणजे आजचा द्यु गेक्लँ चौक. तिथे त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे आणि भोवती गाड्या लावलेल्या. गुरुवारी सकाळी गेलात तर गाड्यांऐवजी आठवडी बाजार भेटेल, मी गुरुवारच निवडेन.

बसिलिकेच्या मागे जारदँ आंग्ले नावाची बाग आहे. वेळ उरेल तो सगळा तिथे घालवा. बाकं आहेत, सावली आहे आणि खाली नदी, पूल, बंदर एका नजरेत दिसतं. वाटेत पर्यटन कार्यालयातून नकाशा घ्या, पण मेर्सिए चौकाच्या आसपास तो खिशातच राहू द्या. गाव एवढंसं आहे की चुकून चुकून किती चुकाल?

सँ-मालोला परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते मात्र सकाळीच पाहून ठेवा, रविवारी तर नक्कीच. ट्रेनने गेलात तर बहुधा दोल स्टेशनवर गाडी बदलावी लागेल.