वेगवेगळ्या देशांत विजेचा वापर आणि वीज बनवायचे मार्ग इतके वेगळे का? भारत अजून कोळशावरच का?

प्रश्न वाचला अन् आमचे साडू डोळ्यासमोर आले. नॉर्वेला असतात. एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्याच सुरू झाले, आमच्याकडं सगळी वीज पाण्याची, धूर नाही की राख नाही, तुम्ही लोक अजून कोळसा जाळताय आणि वर शेतकऱ्याला फुकट देताय, मग किंमत कशी राहील विजेची.

आधी मुद्द्याचं सांगतो. ज्या देशात जे फुकटात पडलंय त्यावर त्याची वीज. नॉर्वेत डोंगर, उंचावर तलाव, पाऊस अन् बर्फ भरपूर, म्हणून जवळपास ९० टक्के वीज पाण्याची. आपल्याकडं जमिनीत कोळसा पडलाय, म्हणून आपण कोळशावर. यात अक्कल किती अन् नशीब किती ते तुम्हीच ठरवा. देश कशाला, आपलंच राज्य बघा ना. कोयनेचं पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात सोडता येतं म्हणून तिथं १९६० मेगावॅट, अन् आमचं जायकवाडी एवढं समुद्रासारखं पसरलेलं, तिथं १२ मेगावॅट. उतारच नाही तर काय करणार! म्हणून मराठवाड्याच्या वाट्याला परळीचं थर्मल, म्हणजे कोळशाचं वीजकेंद्र आलं, कोळसा लांबून रेल्वेनं आणायचा अन् थंड करायला पाणी इथलं. २०१३ च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं. कोळशाच्या विजेला पण पाणी लागतं हे पुण्या-मुंबईत कुणाच्या ध्यानातच नसतं.

फ्रान्सकडं तेल नव्हतं, १९७३ ला तेलाचे भाव भडकले तसे ते अणुभट्ट्यांकडं वळले. जर्मनीनं उलट २०२३ च्या एप्रिलात शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या. म्हणजे राजकारण पण असतंच.

आता ते 'फुकट'. गहू ओंबीवर आला होता अन् आमची डीपी, म्हणजे शेताला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वायरमनला फोन केला तर म्हणे आधी सगळ्यांची थकबाकी भरा मग बघू. डीपीवरचे सगळे शेतकरी गोळा केले, कुणी पैसे दिले, कुणी नुसत्या शिव्या दिल्या, शेवटी वर्गणी करून आमच्याच ट्रॅक्टरवर जळकी डीपी तालुक्याला नेली, डिझेल आमचं, उतरवायला माणसं आमची. तिथं आमच्याआधी डीप्या लावून ठेवलेल्या, आज या उद्या या चाललं होतं. मिळाली तवर निम्म्या गव्हाचे शेंडे पिवळे पडलेले. अन् लाईन आली ती रातपाळीची. मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, खाली चिखल, थंडी अशी की बोटं वळत नाहीत, त्यात तिनातला एक फेज गेला की मोटर नुसती गुंगत राहती, पळत जाऊन बंद केली नाही तर वाइंडिंगचा खर्च वेगळा. आमच्या मंडळींना तर साप-इंचवाच्या भ्यानं झोप नसती. त्याच आठवड्यात साडूंनी व्हॉट्सअपवर टाकलं की त्यांच्या बाथरूमची फरशी विजेवर गरम राहती. ही आमची फुकटची वीज! साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ आहे, खरंय, पण लाईन कधी येणार हे कोण माफ करणार?

वापराचं म्हणाल तर दरडोई आकड्यावर जाऊ नका. आपला वर्षाला साधारण १४०० युनिट, नॉर्वेचा २० हजारांच्या वर, आइसलँडचा त्याच्याही दुप्पट. आइसलँडचे लोक काय दिवसा बल्ब लावून बसतात का? वीज स्वस्त म्हणून तिथं ॲल्युमिनियमचे कारखाने आलेत, कच्चा माल जहाजानं येतो, अन् कारखान्यांनी खाल्लेली सगळी वीज दरडोईच्या खात्यात पडती. परीक्षेसाठी विचारत असाल तर एवढं नीट लिहा, मार्क मिळतील.

तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे आमच्याकडं आहेत, नाही म्हणत नाही, अन् कोळशानं परळीच्या लोकांच्या छातीत राख गेली हे पण खरं. सौर पंप घेतलेल्यांची रातपाळी सुटलीय, ढगाळ दिवशी पाणी कमी येतं ही तक्रार आहे, तरी जमत असेल तर घ्या.

आणि तुमचा कुणी नातेवाईक नॉर्वेला असेल अन् कोळशावरून बोलला तर त्याला एकच विचारा, तुमचा देश जे तेल अन् गॅस बाहेर विकतो ते कुठं जळतं? आमचे साडू स्वतः तेलाच्या कंपनीत आहेत. मी विचारलं तर म्हणाले तो विषय वेगळा. वेगळा कसा काय?