पासवर्ड काढून टाकण्याआधी हरवलेल्या फोनचा विचार करा

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादक सभासदांच्या हिशेबाच्या ॲपमधून पासवर्ड काढायचा आहे, तर ओटीपी, ईमेलवरची लिंक आणि पासकी (बोटाच्या ठशाने किंवा पिनने फोनचे लॉक उघडून लॉगिन करण्याची सोय) यांपैकी काय निवडावे, असे आपण विचारले आहे. जळगावात अशाच लॉगिनचे काम मी पाहतो. मी पासकी निवडेन, पण फोन हरवल्यावर खाते परत कसे मिळेल हे ठरवल्याशिवाय ती सुरू करणार नाही.

ईमेलची लिंक सोडून द्या. फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेला ईमेल पुष्कळांना आठवतही नसतो. ओटीपी सर्वांच्या सवयीचा आहे खरा, पण सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज नसली की तो वेळेवर येत नाही आणि त्याहून गंभीर म्हणजे, तो गोड बोलून विचारून घेता येतो, बनावट पानावर भरून घेता येतो किंवा शेतकऱ्याच्याच नंबरचे दुसरे सिम काढून मिळवता येतो.

पासकीत दुसऱ्याला सांगण्यासारखे काही उरतच नाही. पासकी म्हणजे दोन डिजिटल किल्ल्यांची जोडी: खाजगी किल्ली शेतकऱ्याकडे राहते, सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक किल्ली जाते, आणि ही जोडी मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्यामुळे बनावट पानावर ती वापरलीच जात नाही. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही, हे सभासदांना आवर्जून सांगा; रेशन दुकानात अंगठा न लागल्याने परत फिरलेल्या माणसाला शंका येणारच. केळीच्या चिकाने बोटे काळी पडली की ठसा इथेही अडतो, पण तेव्हा स्क्रीन लॉकचा पिन चालतो.

मात्र तोच पिन घरात सगळ्यांना ठाऊक असतो, आणि जो फोन उघडू शकतो त्याला पासकी मालकच समजते. म्हणून बँक खाते बदलण्यासाठी वेगळा पिन ठेवा.

फोन हरवल्यावर नुसत्या ओटीपीने सगळे परत मिळत असेल, तर चोर पासकीच्या वाटेला जाणारच नाही. नवी पासकी आपल्या कार्यालयात ओळखपत्र पाहूनच द्यावी. दूरच्या सभासदाला ओटीपीने आत येऊ द्यावे, पण तोवर त्याला हिशेब फक्त पाहता यावा. अँड्रॉइड ९ च्या आधीचे फोन किती जणांकडे आहेत, तेही आधीच मोजून घ्या, कारण त्यांवर गूगलची पासकी चालत नाही आणि त्यांच्यापुरता ओटीपी ठेवावाच लागेल.