मिरगी, कंपवात आणि मोबाइलवरची तपासणी

प्रश्न : पुतण्या १९ वर्षांचा आहे, त्याला मिरगीचे झटके येतात. मेंदूचे डॉक्टर नाशिकला. जाऊन यायला दोन दिवस आणि दोघांची मजुरी जाते. यापुढे व्हिडिओ कॉलवर तपासू, असं डॉक्टर म्हणतात. हात न लावता कसली तपासणी?
— एक वाचक, धडगाव तालुका

उत्तर : मिरगीत हात लावून कळतं त्याहून जास्त पाहणाऱ्याच्या तोंडून कळतं. झटका दवाखान्यात क्वचितच येतो, तो घरच्यांनी पाहिलेला असतो. म्हणून पहिली तपासणी समोरासमोर होऊन निदान पक्कं झालं की पुढे फोन चालतो. मात्र झटका पाहिलेलं माणूस कॉलवर बसलंच पाहिजे. रुग्णाला त्यातलं बहुधा काही आठवत नाही.

झटका आला की त्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर शूटिंग करायला सांगा. पांघरूण बाजूला करा, चेहऱ्यासकट सगळं अंग दिसू द्या. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, कोणता हात आधी झटके देऊ लागला, हे डॉक्टरांना बघायचं असतं. झटके थांबले की लोक शूटिंगही थांबवतात. तसं करू नका, तो आपलं नाव नीट सांगेपर्यंत चालू ठेवा. कांदा-चपलेचा वास देऊ नका, तोंडात चमचा घालू नका. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, तर लगेच १०८.

वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्रीची झोप आणि चुकलेली गोळी लिहा. शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात मोलाच्या. शेताची वीज रात्रीच्या पाळीला आली की पोरगं रात्रभर पाणी भरतं, आणि जागरणाने झटका येतो. हे सांगितलं नाही तर डॉक्टर गोळी वाढवतील, बदलायला हवी होती ती पाळी. विहिरीकडे त्याला एकट्याला पाठवूच नका. ऊसतोडीला गुजरातेत जाणार असाल तर किती महिने तेही सांगा, गोळ्या तेवढ्या लागतील. गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरा. नाव तेच पण मिलिग्रॅम वेगळे, ही चूक तिथेच सापडते.

घरी रेंज नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या फोनवरून डॉक्टर दाखवण्याच्या सेवेवर, मोफत जोडून देतात, वजन आणि बीपीही घेतात. पलीकडे तुमचेच डॉक्टर असतील असं नाही, म्हणून जुनी चिठ्ठी हवीच. स्वतःच्या डॉक्टरांना क्लिप कॉलआधी व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पुसट होतं. चित्र अडकलं तर व्हिडिओ बंद करून नुसतं बोला.

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. त्यांना कॅमेऱ्यासमोर कसं बसवावं?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : उजेड तोंडावर हवा, पाठीमागे उघडं दार नको. फोन हातात धरू नका, तांब्याला टेकवून ठेवा. आधी हात मांडीवर सैल ठेवून बसू द्या, कंप तेव्हाच नीट दिसतो. मग हातांची घडी घालून खुर्चीतून उठणं, आणि ओसरीत पाच-सहा मीटर चालून वळणं. वळताना पाय जमिनीला चिकटतात का तेच बघायचं असतं. शेजारी माणूस उभा ठेवा. अंगातला ताठरपणा फोनवर कळत नाही, त्यासाठी अधूनमधून जावंच लागेल.

लेव्होडोपाची, म्हणजे कंपवाताच्या औषधाची, शेवटची गोळी किती वाजता घेतली हे आधी सांगा, नाहीतर दिसतंय ते औषधामुळे की आजारामुळे, हे ठरत नाही. उठल्यावर चक्कर येत असेल तर बीपी पाच मिनिटं आडवं झाल्यावर आणि उभं राहून तिसऱ्या मिनिटाला, असं दोनदा मोजून आणा.

प्रश्न : लकव्यासाठी असा कॉल चालेल का?
— एक वाचक, साक्री

उत्तर : नाही. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर १०८ बोलवा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही स्कॅननंतर. शेवटचं ठीक कधी पाहिलं, ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या.