विदर्भात शार्कच्या कुळातले दात सापडले, म्हणजे इथे समुद्र होता का?

नाही, नुसत्या दातावरून तसं म्हणता येत नाही. तो कोणत्या प्राण्याचा आणि त्याच थरात आणखी काय आहे, ते बघावं लागतं. शार्क आणि पाकट (पंखासारख्या चपट्या अंगाचा मासा) यांचा सांगाडा कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचीक) असतो, तो सहसा कुजून जातो. उरतात ते दात: आयुष्यभर गळतात, नवे येतात आणि वरचं आवरण फार कठीण असतं. सिरोंच्याच्या अंगाला प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात 20 कोटी वर्षांहून जुने झेनाकॅन्थ शार्कचे दात मिळालेत, शिंगांसारखी दोन टोकं फाकलेले. हे शार्क नदी-तळ्यातले. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातल्या थरात पाकटाचे दात आहेत: चपटे, फरशीसारखे एकमेकांना खेटून बसणारे, शिंपले फोडायला. या पाकटाचे आजचे नातेवाईक मुख्यतः समुद्रात आणि खाडीत राहतात, म्हणून काही संशोधक जवळपास समुद्राचा फाटा होता असं मानतात. पण पाकटं नदीतही चढतात, आणि पिसदुऱ्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायीही मिळतात. त्यामुळे मी तरी त्याला समुद्र म्हणणार नाही. पक्का समुद्र हवा तर नर्मदा खोऱ्यातले बाघ या मध्य प्रदेशातल्या गावाजवळचे थर बघा, तिथे शार्कच्या दातांसोबत खऱ्या समुद्री जीवांचे अवशेष आहेत.

वखरताना असा दात दिसला तर कृपया घासून धुऊ नका. चिकटलेली माती तशीच राहू द्या आणि जागेचा फोटो काढून ठेवा. जागा हरवली की अर्धी माहिती गेली.