रात्रीच्या लेखनाविषयी

इंदूर

अनेक उत्तम आशीर्वाद.

घरात निजानीज झाल्याशिवाय तुझी लेखणी चालत नाही आणि त्यावरून आई रागावते, असे तू लिहिलेस. दिवसा आपण सतत कोणाच्या तरी हाकेला ओ देत असतो. रात्री त्या हाका थांबतात आणि अर्धवट राहिलेला विचार पुन्हा आपल्या चालीने चालू लागतो. रात्रीची देणगी मी एवढीच मानतो. नुसत्या जागरणाने सुचत असते, तर आपल्या सराफ्यात, जिथे पेढ्या बंद झाल्यावर त्याच ओट्यांपुढे गराडू (तळलेला कंद) आणि जिलेबीच्या कढया चढतात, तिथे घरटी एक कवी निपजला असता.

त्यापेक्षा गायक अमीर खाँसाहेबांचा दरबारी राग ऐक. राग मध्यरात्रीचा, अतिविलंबित लय तर खाँसाहेबांची ओळखच, आणि कोमल गंधार या स्वरावरचे आंदोलन, म्हणजे त्याचा हेलकावा, असे सावकाश की पुढच्या स्वराची घाई ऐकणाऱ्यालाही उरत नाही. तुझ्या कवितेत मला नेमकी ती घाई खटकते.

रात्री सुचलेले मात्र नीट अक्षरात लिहीत जा. मज्जातंतूंचा संदेश रसायनामार्फत पोहोचतो, हे सिद्ध करणारा प्रयोग ऑटो लोवी या शास्त्रज्ञांना झोपेत सुचला. त्यांनी तो अर्धवट जागेपणी खरडून ठेवला आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तोच विचार परत आला, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले आणि बेडकांच्या हृदयांवर तो प्रयोग करून पाहिला. पुढे १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे विचार असा दुसऱ्यांदा दार ठोठावेलच, याची खात्री मी देत नाही.

वही आणि पेन वापर, मोबाईल नको. त्याच्या पडद्याचा उजेड झोप लांबवतो आणि निरोपांच्या रूपाने दिवसाच्या हाका पुन्हा आत घेतो. झोपेबाबत मी सर्वस्वी तुझ्या आईच्या बाजूचा आहे, कारण दिवसभरात शिकलेले झोपेतच पक्के होते आणि रात्री लिहिलेले निवडायला सकाळी डोके ताजे लागते. बाराच्या सुमारास, ओळ अपुरी असली तरी, वही मिट. रात्री प्रत्येक ओळ थोर वाटते. तिचा निवाडा चहा झाल्यावर कर.

पुढच्या पत्रासोबत खाडाखोडीची मूळ पानेच पाठव. स्वच्छ नक्कल नको. तू काय काट मारून टाकलेस, ते मला पाहायचे आहे.