एकट्याने गेम बनवणाऱ्याने लिनक्ससाठी वेगळा बिल्ड काढावा का?

तुम्ही एकटेच एक द्विमिती गेम बनवताय. विंडोजवर तो व्यवस्थित चालतोय. आता दोन-तीन टक्के लोकांसाठी लिनक्सचा बिल्ड (त्या सिस्टीमवर चालणारी गेमची तयार प्रत) काढण्यात वेळ घालवावा, की ते काम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर) सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी छोटे गेम बनवतो आणि सगळे लिनक्सवरही काढतो, म्हणून लिहितोय.

माझं उत्तर: काढा, पण एका अटीवर. गेम तयार होत असताना तुम्ही स्वतः नियमितपणे लिनक्सवर बसून तो खेळणार असाल, तरच. तेवढं जमणार नसेल तर विंडोजचा बिल्ड प्रोटॉनवर नीट चालतो ना, एवढं बघा आणि स्टोअरच्या पानावर लिनक्सचं चिन्ह लावू नका. अर्धवट नेटिव्ह, म्हणजे खास लिनक्ससाठी काढलेल्या, बिल्डपेक्षा प्रोटॉनवर चालणारा विंडोजचा बिल्ड खेळाडूच्या जास्त कामाचा असतो.

आधी पैशाचं बोलू, कारण प्रश्नाचा रोख तिकडेच आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा कित्येक वर्षं एक-दोन टक्क्यांच्या आसपास होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक आला, त्याच्या आत लिनक्सच असल्यामुळे आकडा हळूहळू चढला आणि २०२५ च्या अखेरीस पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेला. या आकड्यावर घर चालत नाही. मे २०१० मध्ये पहिला हम्बल इंडी बंडल हा छोट्या गेमचा संच निघाला, 'वाटेल तेवढे पैसे द्या' या तत्त्वावर, आणि त्यात लिनक्सवाल्यांनी विंडोजवाल्यांपेक्षा सरासरी बरेच जास्त पैसे दिले. हा दाखला लोक अजून देतात. मला तो आवडतो, पण त्यावरून आजच्या विक्रीचा अंदाज बांधू नका. तेव्हा लिनक्सवर विकत घेण्यासारखे गेम मोजकेच होते, आणि किंमत खेळाडू ठरवत होता.

मग काढायचा कशासाठी? माझ्या मते, खेळाडूंसाठी. २०२१ मध्ये 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' या गेमच्या निर्मात्याने आपले आकडे जाहीर केले होते. सुमारे बारा हजार प्रतींपैकी साधारण सातशे लिनक्सवाल्यांनी घेतल्या होत्या, म्हणजे सहा टक्क्यांहून थोड्या कमी. पण बगच्या नोंदींपैकी अडतीस टक्के त्यांच्याकडून आल्या. इथवर वाचून कोणीही म्हणेल की हे गिऱ्हाईक महागात पडतंय. पण पुढचा आकडा महत्त्वाचा आहे: त्या सुमारे चारशे नोंदींपैकी फक्त तीन लिनक्सच्या स्वतःच्या होत्या. बाकीचे बग विंडोजवरही होते, तिथल्या लोकांनी ते कळवलेच नव्हते. ते कंटाळून गेम बंद करत असणार, आणि निर्मात्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

माझा अनुभवही असाच आहे. जर्मनीतल्या एका लिनक्स खेळाडूने कळवलं की मुख्य पात्र त्याच्याकडे दसपट वेगाने धावतंय. सोबत लॉग (गेमने लिहून ठेवलेली घडामोडींची नोंद) होता, सिस्टीमची भाषा बदलल्यावर वेग पूर्ववत होतो असं निरीक्षण होतं, आणि दशांशचिन्हाचा घोळ असावा असा अंदाजही होता. अंदाज बरोबर निघाला. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि टिंब हजारांचे गट पाडायला, त्यामुळे सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेने सेटिंगच्या फाइलमधलं १.५ हे १५ असं वाचलं होतं. विंडोजवरच्या प्रत्येक जर्मन खेळाडूकडेही तेच होत असणार. असा माणूस चाचणीसाठी पगारावर ठेवणं एकट्या निर्मात्याला कधीच परवडत नाही.

आता खर्चाचं. लिनक्स पहिल्या दिवसापासून सोबत असेल तर खर्च फार कमी येतो, आणि गेम संपल्यावर 'आता पोर्ट करू' म्हटलं की तेच काम डोंगराएवढं होतं. कारण अडचणी छोट्या असतात पण शेकडो ठिकाणी विखुरलेल्या असतात. सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे फाइलींच्या नावातली लहान-मोठी अक्षरं. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल यांत फरक वाटत नाही, लिनक्सला वाटतो. कोडमध्ये नाव कॅपिटल अक्षराने आणि डिस्कवर लहान अक्षराने असेल, तर विंडोजवर चित्र दिसतं आणि लिनक्सवर तिथे भोक पडतं. नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर विंडोजवरच्या गिटला (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाला) तो बदल बऱ्याचदा दिसतही नाही, त्यामुळे दुरुस्त केलं असं वाटूनही बग तसाच राहतो. सगळी नावं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, हा नियम आजच लावून घ्या. मॅकसुद्धा मुळात विंडोजसारखाच वागतो, म्हणून मॅकवर चाललं म्हणजे लिनक्सवर चालेल असं धरू नका.

दुसरी अडचण जीलिबसीची. ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम ज्या तयार कोडवर उभे राहतात तो संच. जुन्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालतो, नव्यावर बांधलेला जुन्यावर बऱ्याचदा चालत नाही. म्हणजे तुमच्या ताज्या उबुंटूवर (हा लिनक्सचा एक प्रकार) बांधलेला बिल्ड वर्ष-दोन वर्षं जुन्या सिस्टीमवर कदाचित सुरूच होणार नाही. गोडोसारखं इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या एक्स्पोर्ट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे बिल्ड ज्यातून निघतो त्या साच्यात, ही काळजी आधीच घेतलेली असते. स्वतः सी++ मध्ये लिहीत असाल तर स्टीमच्या 'स्निपर' रनटाइममध्ये, म्हणजे ठरलेल्या लायब्रऱ्यांच्या तयार वातावरणात, बांधा. तो डेबियन ११ या लिनक्सच्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि खेळाडूकडेही गेम त्याच वातावरणात चालवता येतो. यामुळे 'डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) कितीतरी आहेत, कुठे कुठे तपासू' ही भीती बरीचशी निकालात निघते. तुम्हाला शेकडो डिस्ट्रो सांभाळायचे नाहीत. स्टीम डेक आणि उबुंटूची चालू एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती, एवढ्यावर तपासा आणि पानावर तसं स्पष्ट लिहा. बाकीचे लोक आपापलं जुळवून घेतात आणि कसं जुळवलं ते इतरांना सांगतातही.

इच या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा. विंडोजवर बनवलेल्या झिपमध्ये फाइलची 'चालवण्याची परवानगी' टिकत नाही. खेळाडू डबल-क्लिक करतो आणि काहीच होत नाही. त्यांचं बटलर हे साधन वापरून फाइली चढवल्या तर ते ही परवानगी आपणहून लावतं.

सेव्ह फाइलींचा विचार मात्र वेळीच करा, कारण इथे खेळाडूचा खेळच जाऊ शकतो. प्रोटॉनवर चालणारा गेम सेव्ह फाइली खोट्या विंडोज ड्राइव्हच्या आत ठेवतो. नेटिव्ह बिल्ड त्या होम फोल्डरमधल्या वेगळ्या जागी ठेवतो. आज प्रोटॉनवर खेळणाऱ्या माणसाला तुम्ही उद्या नेटिव्ह बिल्ड दिलात, तर त्याला गेम पहिल्यापासून सुरू झालेला दिसतो. स्टीम क्लाउडमध्ये (सेव्ह फाइली ऑनलाइन साठवणाऱ्या सोयीत) प्रत्येक सिस्टीमसाठी मूळ फोल्डर वेगळा सांगायची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी भरून ठेवा.

प्रोटॉनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा निर्णय तिथेच आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो ऑगस्ट २०१८ मध्ये आणला. आत विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन आहे आणि डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेच्या आज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके आहे. तुमच्यासारखा द्विमिती गेम त्यावर बहुतेक वेळा काहीही न करता चालतो. अडतं ते साधारण ठरलेल्या ठिकाणी: विंडोजच्या मीडिया फाउंडेशन या व्हिडिओ यंत्रणेवर अवलंबून असलेले व्हिडिओ, गेमआधी उघडणारे वेगळे लाँचर, आणि फसवणूक रोखणारं अँटी-चीट. शेवटचे दोन तुम्हाला लागू नसावेत. पण गेममध्ये एच.२६४ स्वरूपाचा व्हिडिओ असेल तर प्रोटॉनवर त्या जागी रंगीत पट्टे दिसू शकतात. इंजिन युनिटी असेल तर व्हीपी८ वेबएम हे स्वरूप वापरा, गोडो असेल तर तिथे ऑग थिओरा आहेच. हे दोन्ही सगळीकडे सारखे चालतात.

मग नेटिव्ह हवाच कशाला? प्रामाणिकपणे सांगायचं तर अनेक गेमना नको. तुमचं इंजिन लिनक्सवर नीट चालत नसेल, तर प्रोटॉनच बरा. मी नेटिव्ह करतो, कारण माझा गेम कशावर उभा आहे हे मला त्यातून कळतं. शिवाय स्टीमबाहेर, इचवरून थेट घेणाऱ्या माणसाला तो प्रोटॉनशिवाय चालवता येतो. आणि यात कृतज्ञतेचाही भाग आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी मोठे गेम लिनक्सवर आणायची. २००२ च्या सुरुवातीला ती बंद पडली. पण तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगाने सुरू केलेली एसडीएल लायब्ररी तगली, आणि आज असंख्य गेममध्ये खिडकी उघडण्यापासून कंट्रोलर ओळखण्यापर्यंतची कामं तीच करते, विंडोजवरही. दोन-तीन टक्के लोकांसाठी केलेलं काम सगळ्यांच्या पायाखाली आलं. मी एसडीएल फुकट वापरतो, तर मूळ ज्यांच्यासाठी ती वाढली त्यांना गेम द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मॅकचं विचारलं नाहीत, तरी दोन ओळी. तिथे तांत्रिक कष्ट कमी, पण हप्ता कायमचा आहे: डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर, नोटरायझेशन (ॲपलकडून होणारी प्रोग्रॅमची तपासणी), आणि चाचणीसाठी खरा मॅक. शिवाय ॲपल जुनं मोडायला कचरत नाही. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं आणि कितीतरी जुने छोटे गेम एका अपडेटसरशी गेले. पहिल्या गेमसाठी मी मॅकचा बिल्ड काढणार नाही.

आणखी एक गोष्ट मी फार गांभीर्याने घेतो. लिनक्सचं चिन्ह एकदा लावलं की ते काढू नका. २०२० मध्ये रॉकेट लीग या गेमने मॅक आणि लिनक्सवरचा ऑनलाइन खेळ बंद केला. पैसे परत देऊ केले, तरी लोकांच्या मनातून ते गेलं नाही. मोठ्या कंपनीला ते पचतं, तुम्हाला पचणार नाही, कारण हे लोक एकमेकांना ओळखतात आणि लक्षात ठेवतात. पुढे कधी सांभाळणं जमेनासं झालं, तर शेवटचा चालणारा बिल्ड वेगळ्या शाखेवर, म्हणजे खेळाडूला तो निवडता येईल अशा जागी, ठेवून द्या आणि प्रोटॉनवर कसं खेळायचं ते लिहा. मन धजावलं तर काही वर्षांनी कोडही खुला करा. त्या पहिल्या हम्बल बंडलमधल्या लुगारू, गिश, अ‍ॅक्वेरिया आणि पेनम्ब्रा ओव्हर्चर यांचा कोड असाच खुला झाला.

तुम्हाला आज सगळं ठरवायची गरज नाही. पूर्ण गेमआधी डेमो काढणार असाल, तर त्याचाच लिनक्स बिल्ड काढा, सोबत लॉग कुठे सापडतो ते लिहा आणि नोंदी येऊ द्या. स्टीम डेक कोणाकडून थोडे दिवस मिळाला तर त्याच्या १२८० बाय ८०० च्या पडद्यावर तुमची अक्षरं वाचता येतात का तेही बघा, कारण छोट्या गेमची तक्रार बहुतेकदा तिथूनच सुरू होते. आलेल्या नोंदींपैकी किती फक्त लिनक्सच्या आणि किती सगळीकडच्या, एवढी वर्गवारी करा. लिनक्सच्याच जास्त निघाल्या तर प्रोटॉनवर राहा. सगळीकडच्या जास्त निघाल्या, तर नेटिव्ह बिल्ड चालू ठेवा आणि त्या कळवणाऱ्यांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, श्रेयनामावलीत टाका.